गुण आला, पण कशानं?

यंदाच्या गणेशोत्सवात आमच्या गल्लीतल्या मंडळानं आहारावर परिसंवाद ठेवला होता. मांडव गच्च भरला, कारण ज्या घरात कुणाला मधुमेह नाही, रक्तदाब नाही की सुटलेलं पोट नाही, असं घर आता बेळगावात शोधावं लागतं. मंचावर चौघे होते. एकाचं म्हणणं, आजी जे खायची तेच खा: भाकरी, गूळ, तूप, ताक. दुसरे होते ‘वेलनेस कोच’. त्यांच्या मते आजचं धान्यच निःसत्त्व झालंय, म्हणून सकाळी पावडर घुसळलेला शेक, दुपारी प्रोटीन पावडर आणि रात्री तीन तऱ्हेच्या गोळ्या हव्यातच. तिसरे दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारे, तर चौथ्या बाई दर दोन तासांनी थोडं थोडं खा म्हणणाऱ्या. बराच वेळ हमरीतुमरी झाली. टाळ्या पडल्या त्या ‘आपलं’ आणि ‘परक्यांचं’, ‘परंपरा’ आणि ‘विज्ञान’ या शब्दांना. शेवटी प्रत्येकानं आपापला साक्षीदार उभा केला आणि त्या साक्षीदारानं माईक हातात घेऊन सांगितलं, ‘मला गुण आला.’ एवढ्या मांडवात एकानंही विचारलं नाही, गुण आला, पण कशानं?

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. जुनं की नवं हा वादच चुकीच्या जागी उभा आहे. सल्ला आजीकडून आला असो की प्रयोगशाळेतून, दोघांना कसोटी एकच लावली पाहिजे: किती माणसांवर पाहिलं, कशाशी ताडून पाहिलं आणि किती दिवस पाहिलं? ही कसोटी लावली की डब्यातून आणि बाटलीतून विकलं जाणारं बहुतेक सगळं गळून पडतं. आजीच्या ताटातलं बरंचसं टिकतं, पण सगळं टिकत नाही. आणि जे टिकतं ते इतकं साधं आणि स्वस्त असतं, की त्यासाठी कुठलं कार्ड काढावं लागत नाही की कुणाच्या साखळीत सभासद व्हावं लागत नाही.

‘गुण आला’ ही साक्ष मी खोटी म्हणत नाही. सांगणारा प्रामाणिकच असतो. पण माणूस जेव्हा एखादी पावडर सुरू करतो, तेव्हा तो फक्त पावडर सुरू करत नाही. संध्याकाळची भजी बंद होते, चहातली साखर कमी होते, पहाटे उठून चालणं सुरू होतं. मग वजन उतरलं त्याचं श्रेय पावडरीलाच का द्यायचं? शिवाय खाणं कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात उतरणारे दोन-अडीच किलो ही मुख्यतः चरबी नसतेच. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर आधी वापरली जाते, आणि तिच्यासोबत धरून ठेवलेलं तिच्या तिप्पट पाणी निघून जातं. काटा खाली येतो, विश्वास वर जातो. महिन्याभरानं काटा अडतो, तेव्हा मात्र दोष पावडरीवर येत नाही. ‘तुम्ही नीट पाळलं नाही’ म्हणून तो माणसाच्या माथी येतो. आणि ज्यांना काहीच फरक पडला नाही, ते माईक घ्यायला मंचावर येतच नाहीत.

माझे काका निपाणीत. उभी हयात तंबाखूच्या वखारीत गेली. मधुमेह जुना, गोळ्या चालू होत्या. कुणीतरी त्यांना एका केंद्रात नेलं. तिथं सकाळी शेक प्यायला देत, वजन करत, टाळ्या वाजवत. तीन महिन्यांत सात किलो उतरलं आणि काका सगळ्या नातेवाइकांत फिरून सांगू लागले, ‘मला गुण आलाय की!’ केंद्रातल्या माणसाच्या सांगण्यावरून त्यांनी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या होत्या, हे आम्हाला फार उशिरा कळलं. रक्तातली साखर बेताल झाली की शरीराला ती वापरता येत नाही. ती लघवीवाटे वाहून जाते, शरीर स्वतःचीच चरबी आणि स्नायू जाळायला लागतं आणि माणूस वाळत जातो. काकांचं वजन उतरत होतं ते बरं वाटत असल्यामुळे नव्हे, आजार बळावल्यामुळे. चप्पल चावून पायाला झालेली जखम भरेना, तेव्हा दवाखाना गाठला. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. ज्या सात किलोंना आम्ही सगळे गुण समजत होतो, तेच रोगाचं लक्षण होतं. यानंतर मला कुठलीही एकट्या माणसाची साक्ष पुरेशी वाटत नाही, ती माझ्या रक्ताच्या माणसाची असली तरी.

मग पुरेसं काय? १७४७ मध्ये जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरानं क जीवनसत्त्वाच्या उणिवेनं होणाऱ्या स्कर्व्हीनं खंगलेले १२ खलाशी घेतले, त्यांच्या सहा जोड्या केल्या, बाकी जेवण सारखं ठेवलं आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबं मिळालेली जोडी भराभर सुधारली. यातली मोठी गोष्ट लिंबू नाही. मोठी गोष्ट आहे ती बाकीच्या पाच जोड्या, कारण त्यांच्यामुळेच लिंबानं गुण आला असं म्हणता आलं. आपल्याकडचं उदाहरण तर याहून जवळचं. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात घरोघरी गलगंड होता. १९५० च्या दशकात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन भाग पाडले. दोन भागांना आयोडीन मिसळलेलं मीठ, एका भागाला साधं. काही वर्षांत पहिल्या दोन भागांतला गलगंड ठळकपणे कमी झाला, तिसऱ्यात तसा झाला नाही. १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे ही तुलना होती. आज निपाणीच्या किराणा दुकानातल्या मिठाच्या पुडीवर आयोडीनचा उल्लेख असतो तो कुणाच्या ‘गुण आला’वरून आलेला नाही.

इथं कुणी म्हणेल, ही तपासणीच मुळी परकी. बेळगावातल्या टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत झाडांखाली रोज सकाळी शेकडो लोक चालायला जातात. त्या जागेला नाव मिळालं ते लशीवरून, आणि तिथं देवीच्या रोगाची लस बनत असे. ती लसही बाहेरूनच आली होती, आणि देवी हा देवीचा कोप मानणारी आपली माणसं तिला बिचकत होती. तिच्याही आधी फोडातला पू टोचून ‘टिका’ काढायची रीत आपल्याकडे होती आणि तिचा उपयोग होत होता, पण त्यातून माणसं दगावायची, साथही पसरायची. दोन्ही ताडून पाहिलं तेव्हा लस सुरक्षित ठरली. १९७५ नंतर या देशात देवीचा रोगी सापडलेला नाही. आपलं-परकं करत बसलो असतो तर?

आता आजीच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा घेतो, कारण तो खरोखर बळकट आहे. ज्वारीची भाकरी, मुगा-मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी, ताक: तंतू, डाळीतली प्रथिनं आणि कमी साखर यांची शिफारस जगभरचा पुरावा करतो, आणि हे ताट त्यात चपखल बसतं. २०१९ मध्ये अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २० माणसांना संशोधन केंद्रातच ठेवून दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं अतिप्रक्रियित अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं, घरगुती धर्तीचं. दोन्हींत साखर, चरबी, तंतू सारखे मांडलेले, हवं तेवढं खायची मुभा. अतिप्रक्रियित अन्नावर तीच माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. म्हणजे पुडक्यातलं अन्न माणसाला न कळत जास्त खायला लावतं, हे आजीचं जे म्हणणं होतं ते तपासून खरं ठरलं.

पण कुठल्या आजीचं ताट? माझी आजी खानापूरच्या बाजूची. पहाटे दळण, मग पाणी, मग दिवसभर भाताच्या शेतात चिखलात. तिनं तीन भाकऱ्या खाल्ल्या त्या तिच्या अंगात मुरल्या. मी त्याच तीन भाकऱ्या खाऊन खुर्चीत बसतो. आणि ती घरातली सगळी माणसं जेवल्यावर उरेल ते खायची, हे आजीच्या आहाराचे गोडवे गाणारे सांगत नाहीत. बहात्तरच्या दुष्काळात ज्यांनी रेशनची मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, खाल्ली, त्यांना विचारा तो आहार समतोल होता का. स्वातंत्र्याच्या वेळी या देशातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. त्यात मुख्य वाटा बालमृत्यूंचा आणि साथींचा, हे मान्य. पण ज्या काळात एवढी मुलं दगावत होती, त्या काळाला निरोगीपणाचा आदर्श कसं म्हणायचं?

शिवाय त्या उपासमारीचं देणं आपल्या शरीरात अजून शिल्लक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली. सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळ्याच मापांनी लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी नाही. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात शेजारीशेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणून ‘मी तर बारीक आहे’ हे आपल्याकडे पुरेसं उत्तर नाही. काट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं सांगते: पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० च्या वर गेली की जागं व्हावं. वजनाचा निर्देशांकही आपल्यासाठी २५ ऐवजी २३ पासूनच जास्त धरतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशव्यापी पाहणीत १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आढळले. याच पाहणीतून २०२५ मध्ये आलेल्या आहाराच्या अभ्यासात आपल्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के नुसत्या कर्बोदकांतून, म्हणजे मुख्यतः पिठूळ पदार्थांतून, येत असल्याचं दिसलं. ते पीठ ज्वारीचं असलं तरी पीठच. भाकरी चपातीपेक्षा बरी म्हणून चारऐवजी सहा खाल्ल्या, तर बरेपणा संपला.

गुळाबद्दल मात्र मला जास्त बोलायचं आहे. हा उसाचा मुलूख. चिक्कोडी, संकेश्वर, निपाणी, अथणी, जिकडे जाल तिकडे फड आणि कारखाने. हंगामात गुऱ्हाळावरून गरम गूळ घरी येतो, त्याचा वास माझ्या बालपणाचा वास आहे. त्या गुळावर माझंही प्रेम आहे. पण ‘साखर सोडली, आता गुळाचा चहा घेतो, मधुमेहाला चालतो’ हे वाक्य मी गेल्या पाच वर्षांत इतक्या जणांकडून ऐकलं, की प्रेमापोटीच खरं सांगावं लागतं. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी, गुळात सुमारे ३८०. दोन्ही उसाच्याच रसाचे, दोन्हींत मुख्य पदार्थ एकच. गुळात थोडं लोह आणि थोडी खनिजं असतात हे खरं, पण त्यांचा उपयोग व्हावा एवढा गूळ खायचा तर साखरेचं पोतं रिकामं केल्यासारखं होईल. हेच मधाचं, हेच खजुराच्या पाकाचं. कुंदा, करदंट, मांडे हे आपलं वैभव आहे. ते सणाला खावं, मनापासून खावं, आणि गोड म्हणूनच खावं. ‘गुळातलं आहे, बाधत नाही’ असं स्वतःला समजावून रोज खाल्लं की ते बाधतं.

गोळ्या आणि पावडरींच्या बाजूचाही सर्वांत बळकट मुद्दा टाळणार नाही. उणीव खरी असते, आणि ती भरून काढणारी गोळी माणसं वाचवते. ज्या बायकांना आधी मज्जारज्जूचं व्यंग असलेलं मूल झालं होतं, त्यांना फॉलिक ॲसिड दिल्यावर तो धोका ७२ टक्क्यांनी घटला, हे १९९१ मध्ये मोठ्या चाचणीत सिद्ध झालं. आपल्याकडे १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. आशाताई दारात येऊन लोहाची गोळी देते, ती घेतलीच पाहिजे. बेळगाव जिल्ह्यात जैन आणि लिंगायत घरं पुष्कळ. शाकाहारात बी-१२ मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळतं, वनस्पतींत ते जवळजवळ नसतंच, आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्या मधुमेह्यांत ते आणखी घटतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर तपासून घ्यावं आणि कमी असेल तर गोळी घ्यावी. यात परंपरेचा अपमान कसला?

पण ‘उणीव असेल तर द्या’ यावरून ‘सगळ्यांना रोज द्या, जास्त दिलं तर जास्त बरं’ ही उडी कुणी आणि का मारली? या उडीचं काय होतं, ते निपाणीच्या माणसानं तरी ऐकावं. गाजरात, पालेभाजीत बीटा-कॅरोटीन असतं. ते भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसत होता. मग ते गोळीतून दिलं तर विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचं रक्षण होईल, असं जगातल्या शहाण्या माणसांना वाटलं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर पाच ते आठ वर्षं चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतली अशीच दुसरी चाचणी ठरल्या वेळेआधी २१ महिने थांबवावी लागली. ज्या गावाची चूल तंबाखूवर पेटली, तिथं आज बीटा-कॅरोटीनसारख्या ‘अँटिऑक्सिडंट’चे डबे विकले जातात. घेणाऱ्यांत विडी ओढणारे किती असतील? ड जीवनसत्त्वाचंही तसंच. २५,८७१ माणसांना घेऊन केलेल्या चाचणीत, सरसकट दिलेल्या गोळीनं नव्यानं होणारे कर्करोग कमी झाले नाहीत की हृदयविकार. ज्याला कमी आहे त्याची गोष्ट वेगळी.

प्रोटीन पावडरीचं तर आमच्या तालमींपर्यंत आलंय. बेळगावची कुस्ती दूध, बदाम, तुपावर वाढली. तो खुराक हजार जोर-बैठका मारणाऱ्याचा होता. आज दिवसाला पाऊण तास व्यायाम करणारा मुलगा महिन्याच्या पगाराचा मोठा वाटा डब्यावर घालवतो. ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात, जोमानं व्यायाम करणाऱ्याला त्याहून जास्त. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम, तेवढ्याच डाळीत २० च्या पुढं, एका अंड्यात ६. आपल्या ताटात डाळ पातळ आणि भाताचा ढीग असतो ही खरी तक्रार आहे, आणि तिचा उपाय डाळ घट्ट करणं हा आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींपैकी सुमारे ७० टक्क्यांवरची माहिती चुकीची निघाली, काहींत बुरशीचं विष सापडलं. ‘डब्यावर सरकारी परवान्याचा नंबर आहे’ म्हणून विश्वास ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की अन्न म्हणून विकण्याचा परवाना औषधासारखा गुण सिद्ध करून मिळत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘विज्ञान तर रोज मत बदलतं. काल अंडं वाईट, आज चांगलं.’ हा आक्षेप मी हलका धरत नाही. अंड्यातल्या कोलेस्टेरॉलची भीती खरंच वाजवीपेक्षा जास्त घातली गेली होती. पण बीटा-कॅरोटीनची चूक शोधली कुणी? ज्यांना ते उपयोगी पडेल असं वाटत होतं, त्यांनीच. आपल्या आशेविरुद्धचा निकाल त्यांनी स्वतः छापला. कुठल्या पावडरवाल्यानं आपलीच पावडर निरुपयोगी निघाली म्हणून विक्री थांबवली, असं एक तरी उदाहरण कुणी ऐकलं आहे का? आणि बदलतात त्या कडेच्या गोष्टी. भाज्या आणि डाळी जास्त, साखर आणि मीठ कमी, तंबाखू बंद, अंग हलतं ठेवा, हे पन्नास वर्षांत फारसं बदललेलं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेल्या २,००० कॅलरींच्या ताटात दिवसाला २५० ग्रॅम धान्य आहे आणि ४०० ग्रॅम भाजी. आपल्या घरातलं प्रमाण आठवून पाहा.

दोनदा की दर दोन तासांनी, या भांडणावर फार शाई खर्च करायला नको. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव नेलेल्या दोनदा जेवणाच्या पद्धतीचं एक श्रेय मोकळेपणानं द्यावं लागेल: तिच्यात विकत घ्यावं असं काही नाही. ज्यांना ती जमते, त्यांचं मधलं चरणं थांबतं आणि वजन उतरतं. पण चीनमध्ये १३९ लोकांवर वर्षभर झालेल्या चाचणीत, सारख्याच कमी कॅलरी घेणाऱ्या दोन गटांत, खाण्याच्या वेळा बांधून घेतलेल्यांना लक्षणीय असा जास्त फायदा दिसला नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ लोकांवर कमी चरबीचा आणि कमी पिठाचा आहार वर्षभर ताडून पाहिला. सरासरी घट ५.३ आणि ६ किलो, म्हणजे फरक नगण्य. पण प्रत्येक गटात कुणाचं सुमारे ३० किलो उतरलं, तर कुणाचं १० किलो वाढलं. मांडवातला एकेक साक्षीदार असा या टोकाचा असतो. जी पद्धत तुम्हाला दोन वर्षांनीही पाळता येईल ती तुमची. मात्र साखर कमी करणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नये.

आणि जाड माणसाला आळशी म्हणणं आता तरी थांबवू या. सेमाग्लुटाइड हे औषध भुकेच्या संदेशांवर काम करतं. चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या जवळपास वजन घटलं आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. इच्छाशक्ती तीच होती, बदलली ती भूक. औषध प्रत्येकासाठी नाही, पण शरीर आपलं वजन किती हट्टानं सांभाळतं हे त्यानं दाखवून दिलं.

म्हणूनच मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या मांडवात शाळेच्या माध्यान्ह जेवणाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. २०२१ च्या डिसेंबरात कर्नाटकातल्या काही जिल्ह्यांत शाळेत अंडी सुरू झाली, तेव्हा काही मठांनी विरोध केला. त्या वादातही मी हेच पाहिलं: अंडं कुणाच्या धर्माचं, यावर सगळे बोलले. पोराच्या पोटात काय जातं यावर थोडे. शाकाहारी घराच्या मुलावर अंड्याची सक्ती नको, हे मला पूर्ण मान्य आहे, आणि तशी ती नव्हतीही. पण बदली म्हणून जे केळं दिलं, त्यात प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम आणि बी-१२ शून्य. मग त्या मुलाला त्याच तोलाचं दूध, दही, शेंगदाणे मिळावेत म्हणून कुणी मोर्चा काढला का? २.७ किलोंनी जन्मलेलं बाळ पुढं मधुमेही होऊ नये, याची लढाई त्याच्या आईच्या ताटात आणि त्याच्या शाळेच्या स्वयंपाकघरात आहे, शेकच्या केंद्रात नाही.

मंडळाच्या पोरांना मी सांगितलंय, पुढच्या वर्षी परिसंवाद ठेवाल तर अंगणवाडीच्या ताईंना बोलवा, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलवा, मांडवाच्या तोंडाशी शिंप्याची टेप ठेवा. आणि ज्यांना गुण आला नाही, त्यातल्याही एकाला माईक द्या. काकांना विचारलं. आधी ते गप्पच राहिले. मग म्हणाले, ‘येतो की. पण खुर्ची ठेवा म्हणावं. लई वेळ उभारायला येत नाही आता.’